माकड मरतं तेव्हा जंगलात काय चाललेलं असतं

(दृश्य: पाषाण, सूस रोड. सकाळची रहदारी. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं फाटक.)

पाषाणला सूस रोडवर हे फाटक आहे, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं, म्हणजे एनआयव्हीचं. एनआयव्ही म्हटलं की आज पुणेकरांना कोविडच्या चाचण्या आठवतात. पण ज्या शोधामुळे या संस्थेकडे जगाचं लक्ष गेलं, तो शोध लागला पश्चिम घाटातल्या एका जंगलात. त्याची सुरुवात झाली ती मेलेल्या माकडांपासून.

1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केलं. आजची एनआयव्ही ती हीच; नाव बदललं 1978 मध्ये. 1957 च्या उन्हाळ्याच्या तोंडाला तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून, शिमोगा जिल्ह्यातून खबर आली. क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत माणसं कडक तापानं आजारी होती. माकडं आणि माणसं एकाच वेळी आजारी, म्हणजे हा पीतज्वर (यलो फीव्हर) तर नव्हे, अशी भीती होती. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वर असाच दिसतो आणि भारतात तो कधीच आलेला नव्हता. पुण्याहून टेल्फर्ड वर्क, हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. हाती लागलेला विषाणू पीतज्वराचा नव्हता. तो निघाला रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला, पण नवा. जंगलाचंच नाव रोगाला मिळालं: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. आपल्याकडे सिंधुदुर्गात त्याला माकडताप म्हणतात.

(दृश्य: दोडामार्ग तालुका. काजूची बाग, मागे डोंगराचा हिरवा कडा.)

अनेक वर्षं हा रोग कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांपुरताच आहे, असं मानलं जात होतं. मग 2012 मध्ये बंदीपूर आणि निलगिरीच्या बाजूला, पुढच्या वर्षांत केरळच्या वायनाडमध्ये, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 च्या सुरुवातीला महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावाच्या परिसरात तो सापडला. तिथून बांदा, सावंतवाडीच्या पट्ट्यातही रुग्ण आढळले.

माकडताप म्हटल्यावर माकडांविषयी राग येणं समजू शकतं. पण या रोगात माकडाचं स्थान नेमकं काय, हे कळायचं असेल तर आधी गोचीड पाहावी लागते.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गोचीड. आधी सहा पायांची, मग आठ पायांची.)

हिचं नाव हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. केएफडीचा विषाणू किमान 16 जातींच्या गोचिडींमध्ये सापडला आहे, पण मुख्य वाहक हीच. तिचं आयुष्य तीन यजमानांवर चालतं. अंड्यातून निघतो तो लार्वा, सहा पायांचा. तो एका प्राण्याचं रक्त पितो, गळून खाली पडतो, पाचोळ्यात कात टाकतो आणि आठ पायांचा निम्फ होतो. निम्फ दुसरा प्राणी गाठतो, रक्त पितो, पुन्हा गळतो आणि प्रौढ होतो. प्रौढ मादी तिसऱ्या प्राण्यावर पोट भरते, जमिनीवर उतरते, एकदाच ढीगभर अंडी घालते आणि मरते. म्हणजे सबंध आयुष्यात रक्ताचं जेवण तीनदाच. उरलेला सगळा काळ जमिनीवर, ओलसर पाचोळ्यात जातो.

आता यातलं महत्त्वाचं. लहान अवस्था आणि मोठी अवस्था एकाच प्राण्यावर जगत नाहीत. प्रौढ गोचिडीला मोठं जनावर लागतं: गवा, सांबर, चितळ, गाय, म्हैस. लार्वा आणि निम्फ मात्र उंदीर, चिचुंदरी, खार, साळिंदर, रानकोंबडी यांच्यावर, जमिनीवर उतरणाऱ्या माकडावर आणि वाटेत आलेल्या माणसावरही चढतात.

विषाणूचं वागणं याहून वेगळं आहे. गाय-म्हशीच्या रक्तात तो जवळजवळ वाढतच नाही. गाईला चावून गोचिडीला विषाणू मिळत नाही. मिळतं ते फक्त पोटभर रक्त, आणि त्यातून पुढची पिढी. याउलट काळतोंडं वानर आणि लालतोंडं माकड या दोघांच्याही रक्तात तो प्रचंड प्रमाणात वाढतो. त्या काही दिवसांत अंगावर असलेल्या लार्व्यांना विषाणू मिळतो आणि ते निम्फ झाल्यावरही तो त्यांच्यात टिकतो. काही रानउंदरांच्या आणि चिचुंदरीच्या रक्तातही तो काही काळ वाढतो, पण माकडासारखी त्यांच्यात मर दिसत नाही. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

तेव्हा गोचिडी वाढवणारा प्राणी वेगळा आणि विषाणू वाढवणारा प्राणी वेगळा. जंगलात हे दोन्ही प्राणी हजारो वर्षं आहेत. त्यांच्या वाटा एका ठिकाणी दाटीनं एकत्र आल्या आणि तिथेच माणूसही रोज जाऊ लागला, की साथ येते. या गोचिडीत विषाणू आईकडून अंड्यांमार्फत पुढच्या पिढीत फारसा जात नाही. म्हणून प्रत्येक नव्या पिढीला तो पुन्हा एखाद्या आजारी प्राण्याकडूनच घ्यावा लागतो. जंगलात कोणते प्राणी किती आहेत आणि ते कुठे फिरतात, यावर साथीचा आकार ठरतो तो याच कारणानं.

(दृश्य: न्यूयॉर्क राज्यातलं पानगळीचं जंगल, ओकची झाडं, जमिनीवर ओकची फळं.)

असंच दोन भूमिकांचं नाटक अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जंगलात लाइम रोगात, म्हणजे गोचिडीतून पसरणाऱ्या एका जिवाणूच्या आजारात, चालतं. तिथे प्रौढ गोचिडींचं पोषण हरणावर होतं, पण हरणाकडून गोचिडीला जिवाणू मिळत नाही. तो मिळतो पांढऱ्या पायांच्या उंदराकडून. ओकच्या झाडांना एखाद्या शरद ऋतूत भरघोस फळं धरली की पुढच्या उन्हाळ्यात उंदीर वाढतात, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जिवाणू बाळगणाऱ्या निम्फांची संख्या वाढते. झाडाच्या फळधारणेवरून दोन वर्षांनंतरच्या आजाराचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे असं दीर्घकाळ मोजलेलं साधं सूत्र अजून हाती नाही. पण ऋतूंचं चक्र मात्र पक्कं ठाऊक आहे.

(दृश्य: वर्षाचं वर्तुळ. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा.)

जून ते सप्टेंबर, भर पावसात प्रौढ गोचिडी गुरांवर आणि गव्यांवर असतात. पावसाळा सरताना अंडी फुटतात आणि लार्वे बाहेर येतात. ते हिवाळ्याच्या तोंडापर्यंत छोट्या प्राण्यांवर जगतात. नोव्हेंबर-डिसेंबरपासून निम्फ दिसू लागतात आणि मेपर्यंत असतात. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढा असतो आणि माणसाला चावतो तो प्रामुख्यानं हाच. रुग्ण डिसेंबर ते मे या काळात सापडतात ते म्हणूनच. जानेवारी ते एप्रिल हा त्यातला सर्वांत जड काळ.

आणि नेमक्या याच काळात कोकणात माणसं रानात असतात. काजू वेचायचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. लाकूडफाटा गोळा करायचा तोही पावसाआधी. भाजावळीसाठी (शेतजमीन भाजण्यासाठी) आणि गोठ्यात अंथरायला पातेरा, म्हणजे वाळलेला पालापाचोळा आणायचा, तोही याच दिवसांत. काजू वेचणारी बाई बोंड उचलायला वाकते, तिचे हात थेट पाचोळ्यात जातात. पातेऱ्याचा भारा डोक्यावरून घरी येतो आणि त्यातले निम्फ अंगणात, गोठ्यात उतरतात. पातेऱ्याच्या ढिगाशी बसणाऱ्या माणसाला लागण होण्याचा धोका जास्त असतो, हे कर्नाटकातल्या सागर तालुक्याच्या अनुभवातूनही दिसलं आहे. रानात न गेलेल्या माणसाला माकडताप कसा झाला, या कोड्याचं उत्तर पुष्कळदा त्या भाऱ्यात असतं.

(दृश्य: जंगलाची कड. घाणेरीची झुडपं, पलीकडे भातखाचर.)

ही कड नीट पाहा. आत सदाहरित रान, बाहेर भातखाचर किंवा काजू-सुपारीची बाग, आणि मध्ये घाणेरीचं जाळं. 1960 च्या दशकात क्यासनूर परिसरात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की गोचिडी सर्वांत दाट सापडतात त्या या कडेला. जंगल तोडून भातशेती केली की गुरं येतात. गुरं शेतातून रानात आणि रानातून गोठ्यात जा-ये करतात आणि प्रौढ गोचिडींना बारमाही यजमान मिळतो. रिकाम्या झालेल्या जागी घाणेरी माजते. तिच्या खाली सावली, ओलावा आणि पाचोळा असतो, म्हणजे गोचिडीला कात टाकायला हवं ते सगळं. तिच्याच आडोशाला उंदीर आणि रानकोंबड्या राहतात, तिची फळं खायला पक्षी येतात. माकडं फळबागांच्या ओढीनं झाडावरून जमिनीवर उतरतात ती याच पट्ट्यात.

1982-83 मध्ये दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी भागात काजूच्या लागवडीसाठी रान तोडलं गेलं आणि त्यापाठोपाठ तिथे मोठी साथ आली. झाडं पडली की माकडांना आहे त्या तुकड्यात दाटीनं राहावं लागतं, आणि तोडीच्या कामावरचे मजूर दिवसभर त्याच जमिनीवर असतात.

म्हणून ‘जंगल आहे म्हणून रोग आहे’ हे म्हणणं अपुरं आहे, आणि त्यातून जंगलच कापून टाकण्याकडे जाणारा विचार तर घातक आहे. अखंड जंगलाच्या गाभ्यात माणूसही कमी आणि गुरंही कमी. धोका दाटतो तो तुकडे झालेल्या जंगलाच्या कडेला. दोडामार्गच्या डोंगरांत आज काजू, रबर आणि अननसाच्या लागवडींनी रानाचे तुकडे झाले आहेत, गवे बागांमधून फिरताना दिसतात. कर्नाटकातल्या त्या जुन्या निरीक्षणांच्या उजेडात हा भूगोल वाचला, तर इथे माकडताप का टिकला याचं आश्चर्य वाटत नाही.

(दृश्य: जंगलातला रस्ता. लाल फीत बांधलेला भाग.)

आता मेलेल्या माकडाकडे येऊ. माकड आजारी पडलं की अंगावरच्या गोचिडींना विषाणू मिळतो. ते मेलं, अंग थंड पडू लागलं, की गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. शरीर जिथे पडलं, ती जागा पुढचे काही आठवडे बाधित निम्फांची असते. म्हणूनच मेलेलं माकड हा माणसांसाठी मिळालेला आगाऊ इशारा आहे. ते सापडलं, कळवलं गेलं आणि जागा वेळेत बंद झाली, तर साथ तिथेच आटोक्यात येऊ शकते.

करायचं काय? हात लावायचा नाही, काठीनं ढकलायचंही नाही, कुत्र्याला जवळ जाऊ द्यायचं नाही. लांबून फोटो काढायचा, जागा नीट सांगता येईल अशी खूण ठेवायची आणि वन विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवायचं. त्याच दिवशी म्हणण्याला कारण आहे. उन्हाळ्यात शरीर झपाट्यानं कुजतं आणि कुजलेल्या अवयवांतून विषाणूचं निदान होणं अवघड होतं. पशुवैद्यक आणि वनकर्मचारी पूर्ण संरक्षक पोशाखात शवविच्छेदन करतात, मेंदू, फुप्फुस, यकृत, मूत्रपिंड यांचे नमुने बर्फावर ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि शरीर जाळतात. त्या जागेभोवती 50 फुटांच्या परिघात मॅलॅथिऑनची 5 टक्के भुकटी धुरळतात आणि लोकांना तिथे जायला मनाई करतात.

भुकटीचं काम अर्धवट राहतं ते दोन कारणांनी. ती पाचोळ्याच्या वरच्या थरावर बसते आणि निम्फ खालच्या ओलसर थरात असतो. शिवाय ती गोचिडीबरोबर बाकीचे किडेही मारते. त्यामुळे ती सरसकट रानभर मारण्यात काही अर्थ नाही. मेलेल्या माकडाभोवतीच्या त्या मोजक्या जागेत, पाचोळा हलवून मारली तरच उपयोग. काही गावांत पायवाटांच्या कडेचा पाचोळा जाळतात. वाटेपुरतं ते ठीक. पण रानाला आग लावणं आम्हाला मान्य नाही: जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात, आणि जळालेल्या जागी पुन्हा घाणेरीच उगवते.

(दृश्य: पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड गवतावरून ओढलं जातंय.)

एखाद्या रानात गोचिडी किती आहेत हे मोजायची पद्धत साधी आहे. साधारण एक मीटर लांब-रुंद पांढऱ्या फ्लॅनेलचं कापड काठीला बांधायचं आणि पाचोळ्यावरून हळू ओढायचं. दर काही पावलांनी थांबून कापड उलटून पाहायचं. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसलेले निम्फ कापडाला चिकटतात. ते बारीक चिमट्यानं उचलून बंद कुपीत घालायचे. कुपीत हिरव्या पानाचा तुकडा ठेवला तर ओलावा टिकतो आणि गोचिडी जिवंत राहतात. कुपीवर ठिकाण, तारीख, अधिवास पेन्सिलीनं लिहायचा, कारण शाई स्पिरिटनं पुसली जाते.

दव पडलेलं असेल तर हे काम करू नये. ओल्या कापडाला निम्फ चिकटत नाहीत, आणि मग ‘इथे गोचिडी नाहीत’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. घाणेरीच्या जाळीत कापड अडकतं, फाटतं. तिथे ओढण्याऐवजी झेंड्यासारखं झुडपांवरून फिरवावं लागतं. ओढलेलं अंतर लिहिलं नसेल तर दोन ठिकाणांची तुलनाच होत नाही. प्रयोगशाळेत जात आणि अवस्था यांनुसार गोचिडी वेगळ्या करून लहान लहान गटांत एकत्र तपासतात. जिवंत विषाणू वाढवण्याचं काम उच्च जैवसुरक्षेच्या दालनातच होतं. सुरुवातीच्या वर्षांत प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनाही या विषाणूची लागण झाली होती. ही शिस्त त्या अनुभवातून आली. पाषाणला देशातली पहिली बीएसएल-4, म्हणजे सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची, प्रयोगशाळा आहे ती अशाच विषाणूंसाठी.

(दृश्य: गोठा. पशुवैद्यक गाईच्या पाठीवर औषध सोडताना.)

गुरांवरच्या उपायांत वेळ चुकते, आणि ती फार महागात पडते. माकडतापाची बातमी येते जानेवारीत आणि गुरांना औषध लावायची धावपळ सुरू होते फेब्रुवारीत. त्या वेळी गुरांवर प्रौढ स्पिनिजेरा फारशा नसतातच. त्या असतात पावसाळ्यात. जूनमध्ये आणि मग पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं पावसाळाभर ठरावीक अंतरानं औषध लावलं, तर पुढच्या हिवाळ्यातल्या निम्फांची संख्या घटण्याची आशा धरता येते. फ्लुमेथ्रिन 1 टक्का हे पाठीच्या कण्यावरून सोडायचं औषध साधारण दर 10 किलो वजनाला 1 मिलीलिटर या प्रमाणात देतात. वजन अंदाजानं कमी धरलं की मात्रा अपुरी पडते आणि गोचिडी औषधाला सरावतात. औषध लावल्यावर जनावर लगेच पावसात सोडलं तर ते धुऊन जातं. काही तास गोठ्यात बांधून ठेवावं. आणि गव्यांना औषध लावता येत नाही, म्हणून या उपायानं गोचिडी संपतील असं कोणी समजू नये.

(दृश्य: स्वारगेट. कोकणात जाणाऱ्या गाड्या, खांद्यावर बॅगा घेतलेली माणसं.)

पुण्याचा या सगळ्याशी संबंध नमुन्यांपुरताच नाही. सिंधुदुर्गातली कितीतरी कुटुंबं पुण्यात राहतात. शिमग्याला आणि मे महिन्यात गावी जातात, काजूच्या बागेत फिरतात, घरच्यांना पातेरा ओढायला मदत करतात. तिलारी आणि आंबोलीकडे भटकणारे ट्रेकर वेगळेच. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण 3 ते 8 दिवस लागतात. म्हणजे माणूस पुण्यात परत आलेला असतो, कामावर रुजू झालेला असतो आणि ताप इथे येतो.

ताप अचानक चढतो. डोकं प्रचंड दुखतं, कंबर आणि पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, उलट्या-जुलाब होऊ शकतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. चित्र डेंग्यूसारखं दिसतं आणि तिथेच निदान अडकतं. डॉक्टरांना आपणहून सांगा: मी गेल्या दोन आठवड्यांत दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात होतो, अमुक काम केलं, गोचीड चावली होती किंवा आसपास माकडं मेली होती. पहिल्या आठवड्यातल्या रक्तावर आरटी-पीसीआर उपयोगी पडते, पुढे आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी. चाचणीचा प्रकार तापाच्या दिवसावर ठरतो, म्हणून ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला हे नोंदवलेलं असावं.

विषाणूवर थेट औषध नाही. भरपूर द्रवपदार्थ, तापाला पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर लक्ष. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, कारण त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात. दर 100 रुग्णांमागे सुमारे 3 ते 5 दगावतात. 10 ते 20 टक्के रुग्णांना मधले काही दिवस बरं वाटून तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला ताप पुन्हा येतो आणि तेव्हा मेंदूची लक्षणं दिसतात: तीव्र डोकेदुखी, थरथर, दृष्टीत फरक, गोंधळलेपण. बरं वाटलं म्हणून पाठपुरावा सोडणारे रुग्ण इथे फसतात. माणसाकडून माणसाला हा रोग पसरत नाही, त्यामुळे रुग्णाला घरात वेगळं टाकायची गरज नाही.

कर्नाटकात 1990 पासून फॉर्मलिननं निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस दिली जात होती: महिन्याच्या अंतरानं दोन डोस, 6 ते 9 महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी. 2005 ते 2010 मधल्या माहितीवरून तिचं संरक्षण दोन डोसनंतर सुमारे 62 टक्के आणि बूस्टरनंतर सुमारे 83 टक्के दिसलं. टोचलेल्या जागी होणाऱ्या वेदनेमुळे पुष्कळ लोक बूस्टरला येतच नसत. पुढे तिची परिणामकारकता कमी पडते असं दिसलं आणि ती थांबली. नव्या लशीवर काम चालू आहे.

(दृश्य: रानातून परतलेली माणसं अंगणात. पाटावर कपडे, बाजूला गरम पाण्याचं भांडं.)

तोवर हाताशी आहे ती काळजी. रानात जाताना फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, पँटची टोकं मोज्यांत खोचलेली, उघड्या त्वचेला गोचिडींना दूर ठेवणारं डीएमपी किंवा डीईपीए तेल. तेल घामानं उतरतं, काही तासांनी पुन्हा लावावं लागतं. पाचोळ्यावर बसायचं नाही, डबा खातानाही नाही. परतल्यावर कपडे घरात न नेता थेट गरम पाण्यात टाकायचे, साबणानं आंघोळ करायची आणि अंग तपासायचं: काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानामागे, केसांच्या मुळाशी, कमरेच्या नाडीखाली. पाठ दुसऱ्यानं बघायची.

गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल, चुना, तंबाखू, काडेपेटी यांतलं काही वापरायचं नाही. त्रास दिला की ती पोटातला द्रव उलट जखमेत सोडते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, त्वचेला अगदी लागून तिला धरायचं, न पिळता सरळ वर ओढायचं. शरीर दाबायचं नाही, नखानं चिरडायचं नाही. जागा साबणानं धुवायची, काढलेली गोचीड स्पिरिटच्या कुपीत टाकायची, आणि कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवायची. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख घेऊनच दवाखान्यात जायचं.